कर्मवीरांचे घर

खेड्यातील गरीब मुलाने शिकण्यासाठी शहरात यावे, तर राहावे कोठे आणि जेवावे कोठे? हा प्रश्न कर्मवीर भाऊराव पाटील यांनी आपलाच मानला.

त्यांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस बसत. बुजऱ्या मनाने आलेला मुलगा त्या पंक्तीत बसला, की परका राहत नसे.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या होत्या. प्रारंभी त्यांना हे जड गेले. परंतु पुढे त्या सर्वच मुलांच्या आई झाल्या. मुलांच्या अन्नासाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव परगावी असता वसतिगृहातील धान्य संपले. तेव्हा त्या माउलीने आपले मंगळसूत्रही दिले. पण मुलांना उपाशी निजू दिले नाही. लेकराला परक्या गावी ठेवून जाणाऱ्या आईबापांना याहून मोठा आधार कोणता हवा?

१९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. भाऊरावांनी दुःख गिळले आणि १९५९ साली देह ठेवीपर्यंत ते रयतेच्या मुलांसाठीच झटत राहिले.