भुवनेश्वरीदेवींचा बिले

कलकत्त्याच्या सिमला भागात दत्तांच्या घरी १२ जानेवारी १८६३ रोजी जो बालक जन्मास आला, तो नवसाचा होता. मातोश्री भुवनेश्वरीदेवींनी काशीच्या वीरेश्वराची आराधना करविली होती. म्हणून त्याचे नाव वीरेश्वर, लाडाने बिले. हाच पुढे नरेंद्रनाथ, आणि हेच स्वामी विवेकानंद.

बिले विलक्षण संतापी. राग आला की हाती येईल ती वस्तू फोडावी, बहिणींना सतावावे, त्या पाठीस लागल्या की उघड्या गटारात उतरून वाकुल्या दाखवाव्यात! शंकरापाशी पुत्र मागितला तर त्याने आपले एक भूतच धाडले, असे मातोश्री म्हणत. परंतु धाकाने हे मूल वळणारे नव्हे, हे त्यांनी ओळखले. त्याच्या मस्तकावर थंड पाणी ओतीत त्या शिवनाम घेत, आणि असाच वागलास तर महादेव कैलासावर येऊ देणार नाहीत, असे सांगत. स्वारी तत्काळ शांत होई.

यात निव्वळ भीती होती असे मानणे बरोबर नव्हे. भीतीचा प्रयोग एका मित्राच्या घरच्या वृद्धाने करून पाहिला होता. चाफ्यावर ब्रह्मराक्षस असून तो चढणाऱ्याची मान मोडतो, असे त्याने सांगितले. त्याची पाठ फिरताच बिले पुन्हा झाडावर! कैलास मात्र त्याच्या स्वतःच्या अंतःकरणातील होता. ध्यानाच्या खेळात तो तेथे नित्य जात असे. आपल्या आवडत्या दैवतास आपले वर्तन कसे दिसेल, हे त्या बालकास मनश्चक्षूंनी पाहता येई. मातोश्रींनी तेवढेच जागे केले. त्यांच्या मुखातून ऐकलेल्या रामायण-महाभारताच्या कथांनी ही दृष्टी अधिकच विस्तारली.

दारी साधू आला की हा अंगावरचे वस्त्र देऊन टाकी. माडीवर कोंडले, तर खिडकीतून वस्तू खाली टाकी. पुढे व्यायामशाळेत झुला उभारताना मदतीस आलेला एक इंग्रज खलाशी आघाताने बेशुद्ध पडला. इतर पळाले, नरेंद्राने आपले वस्त्र फाडून जखम बांधली, कित्येक दिवस त्याची शुश्रूषा केली आणि निरोप देताना वर्गणी जमवून दिली.

परिव्राजक होऊन भारतभर फिरताना दीनांचे दुःख त्यांना आपलेच वाटले. १८९३ च्या फेब्रुवारीत ते हैदराबादेस आले. १३ तारखेस सिकंदराबादच्या महबूब कॉलेजात पाश्चात्त्य देशांतील आपल्या नियोजित कार्याविषयी त्यांनी व्याख्यान दिले. दुसऱ्या दिवशी बेगम बाजारातील सावकार, शेठ मोतीलाल यांच्या पुढाकाराने, त्यांच्या भेटीस आले आणि प्रवासखर्चास साह्य देण्याचे त्यांनी वचन दिले. ३१ मे रोजी स्वामीजींनी मुंबईहून प्रस्थान ठेविले.