योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

हृदय दुबळे झालेल्या रुग्णांना योगासने व प्राणायाम झेपतात का, याचा अभ्यास आज अनेक देशांत होत आहे. योगाचे परिणाम यंत्राने मोजून पाहावेत, हा आग्रह सुमारे शंभर वर्षांपूर्वी धरणाऱ्यांत स्वामी कुवलयानंद अग्रणी होते.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी तत्कालीन बडोदा संस्थानातील डभोई येथे झाला. संस्कृतमधील प्रावीण्याबद्दल त्यांना 1903 मध्ये जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. बडोद्यात प्राध्यापक माणिकराव यांच्याकडे त्यांनी भारतीय व्यायामाचे शिक्षण घेतले, तर नर्मदातीरावरील मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडून योगाची दीक्षा घेतली. खानदेशातील अमळनेर येथे त्यांनी काही वर्षे अध्यापनही केले.

योगक्रियांच्या वेळी शरीरात नेमके काय घडते, हे जाणून घेण्यासाठी त्यांनी क्ष-किरण, दाबमापक यंत्र आणि रक्तदाबाच्या नोंदी यांचा आधार घेतला. नौली क्रियेच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. 1924 मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू झाले.

त्यांचे सर्वच निष्कर्ष योगप्रेमींना रुचणारे नव्हते. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, हा समज त्या काळी दृढ होता. परंतु प्राणायामाचे खरे मोल प्राणवायूच्या वाढीव पुरवठ्यात नाही, असे मत स्वामीजींनी प्रयोगांच्या आधारे मांडले. त्याचे महत्त्व त्यांनी मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले.

1927 मध्ये रक्तदाबाचा त्रास झाल्यानंतर विश्रांती घेत असलेल्या महात्मा गांधींनी आसनांसंबंधी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. संस्थेचे मुंबई केंद्र 1932 मध्ये सुरू झाले. 18 एप्रिल 1966 रोजी स्वामीजींचे निधन झाले.

त्यांनी घालून दिलेली मोजमापाची वाट पुढे हृदयरोगापर्यंत पोहोचली. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती कमी झाली की रुग्णाला थोड्याशा श्रमानेही धाप लागते. अशा रुग्णांनी मिनिटाला सुमारे सहा या संथ गतीने श्वास घेतल्यास रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सुधारते, असे इटलीतील संशोधकांनी 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले. त्यानंतरच्या काही छोट्या अभ्यासांत सौम्य योगाभ्यासामुळे रुग्णांची चालण्याची क्षमता व जीवनमान सुधारल्याचे आढळले.

तथापि, योग हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. शीर्षासनासारखी उलटी आसने, दीर्घकाळ श्वास रोखणे आणि वेगवान श्वसनक्रिया अशा रुग्णांनी टाळाव्यात, तसेच कोणताही व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावा. प्रत्येक दाव्याची परीक्षा घेणाऱ्या स्वामीजींच्या परंपरेशी ही सावधगिरी सुसंगतच आहे.