गोरखचिंचेचा नामकर्ता नव्हे, नामधारी : मिशेल आदांसों

मध्य प्रदेशातील मांडू येथे, तसेच महाराष्ट्रात व गुजरातमध्ये काही ठिकाणी, पिंपासारख्या अजस्र बुंध्याचा एक वृक्ष आढळतो. मराठीत त्याला गोरखचिंच म्हणतात. हा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा. त्याची मोठी पांढरी फुले रात्री उमलतात आणि वटवाघळांमार्फत त्यांचे परागीभवन होते. त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅडनसोनिया’ हे ज्यांच्यावरून पडले, ते फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ म्हणजे मिशेल आदांसों.

७ एप्रिल १७२७ रोजी फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथे त्यांचा जन्म झाला. बालपण पॅरिसमध्ये गेले. त्यांची हुशारी पाहून नीडहॅम या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांना सूक्ष्मदर्शक भेट दिला आणि मुलाला निसर्गाच्या अभ्यासाचा ध्यास लागला.

पुढे फ्रेंच व्यापारी कंपनीत नोकरी पत्करून ते १७४९ मध्ये सेनेगलला पोहोचले. ही कंपनी गुलामांचाही व्यापार करीत असे. आदांसोंच्या ज्ञानयात्रेमागची ही काळी बाजू नजरेआड करता येत नाही. पाच वर्षे त्यांनी उन्हातान्हात वनस्पती व शिंपले गोळा केले, हवामानाच्या नोंदी ठेवल्या आणि तेथील वोलोफ भाषाही शिकून घेतली. सोर बेटावर त्यांना गोरखचिंचेचा प्रचंड वृक्ष दिसला. दोन्ही हात पसरून, बुंध्याला वेंघत त्यांनी मोजमाप केले. तेरा वेळा कवळावे तेव्हा फेरा पुरा झाला; घेर सुमारे ६५ फूट भरला! अशा वृक्षांचे वय त्यांनी पाच हजार वर्षांहून अधिक मानले. तो अंदाज फाजील ठरला. आधुनिक मापनानुसार सर्वांत जुने वृक्ष दोन-अडीच हजार वर्षांचे आहेत.

१७५४ मध्ये ते मायदेशी परतले. त्या काळी लिनिअस यांची पद्धत मान्य होती. तीत फुलातील पुंकेसर व स्त्रीकेसर यांच्या संख्येवरून वर्गीकरण होई. आदांसोंना हे पटेना. एका अवयवावर विसंबून न राहता वनस्पतीची सर्व लक्षणे विचारात घ्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी वनस्पतींची ५८ कुळे मांडली. गंमत अशी, की ज्या लिनिअस यांना त्यांनी विरोध केला, त्यांच्याच ग्रंथांतून आदांसोंचे नाव या वृक्षाला कायमचे चिकटले.

त्यानंतर त्यांनी समग्र निसर्गाचा एक अवाढव्य कोश योजिला. विज्ञान अकादमीपुढे त्याचा आराखडा ठेवला. परंतु तो छापला गेला नाही. तरीही ते लिहीतच राहिले. फ्रेंच राज्यक्रांतीत वेतन गेले, प्रयोगांची बागही उद्ध्वस्त झाली. नव्या विज्ञानसंस्थेने बोलावले, तेव्हा पायांत घालायला जोडे नसल्याने येता येत नाही, असे त्यांनी कळविल्याचे सांगतात. पुढे सरकारने त्यांना निवृत्तिवेतन दिले.

३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. आपण मांडलेल्या ५८ कुळांतील फुलांची एकच माळ शवपेटीवर ठेवावी, एवढीच इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नोंदविली होती.