रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

विहीर खणताना काळा कातळ लागला की सुरुंगावाचून गती नाही, हे नांदेड-लातूरकडील आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण त्या कातळाखाली काय आहे? 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीस भूमीचा खोल वेध घेतला, तेव्हा 338 मीटर पाषाण संपल्यावर सुमारे 8 मीटर जाडीचा प्राचीन गाळ लागला. काळ्या पाषाणाशी निगडित असलेल्या अशा गाळाचे थर वाचण्याच्या कामी मध्य हिंदुस्थानात ज्यांनी आरंभी परिश्रम केले, त्यांत हिस्लॉपसाहेबांची योग्यता मोठी आहे.

त्यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडातील डन्स ह्या गावी झाला. 1844 च्या अखेरीस ते मुंबईस उतरले व पुढील वर्षी नागपुरास गेले. तेथे त्यांनी मराठीचा अभ्यास केला आणि 1846 साली शाळा काढली. भूगर्भशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हे. ते होते मिशनरी व शिक्षक.

1851 च्या सुमारास सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह टाकळीकडे गेले असता त्यांस गाळाचा थर आढळला. सीताबर्डीच्या टेकडीत तर असा थर खाली पाषाण व वर पाषाण यांमध्ये दडपलेला दिसतो. टाकळीच्या गाळात गोगलगायींचे शंख, फळे, बिया, फार काय, किड्यांचे पंखही दगड होऊन राहिले होते.

हा गाळ समुद्रतळाचा की तळ्याचा? नुसत्या मातीवरून हे सांगणे कठीण; तीत राहणाऱ्या प्राण्यांस विचारावे लागते. नागपूरचे शंख गोड्या पाण्यातील जातींचे निघाले. उलट, नांदेडच्या घाटांवरून वाहणारी आपली गोदावरी पुढे समुद्राजवळ ज्या राजमहेंद्रीस पोचते, तेथे त्याच पाषाणाच्या सान्निध्यात खाऱ्या पाण्याचे शिंपले सापडतात. 1860 च्या निबंधात हिस्लॉपसाहेबांनी हे दोन्ही ताडून पाहिले. समुद्र त्या काळी तिकडे होता, आणि इकडे जमिनीवर तळी होती! आज अरबी समुद्राच्या तळाला नळी घालून गाळ काढणारे संशोधकही त्यातील सूक्ष्म कवचांस हेच प्रश्न विचारतात.

त्यांची सर्वच अनुमाने टिकली नाहीत. गाळाखालचा पाषाण मागाहून आत घुसला असावा, असे त्यांस वाटे. लाव्हारस एकामागून एक अनेकदा वाहिला आणि मधल्या विसाव्यात तळी साचली, हे पुढील शोधकांनी ठरविले. काळही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. परंतु आमच्या मते ह्याने त्यांस उणेपणा येत नाही. त्यांनी नमुने विलायतेच्या पंडितांकडे पाठविले होते, म्हणूनच तपासणी शक्य झाली.

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळे पाहून ते रात्री घोड्यावरून बोरीकडे परतत होते. वाटेतील ओढ्यास पूर आला होता. त्यात ते बुडाले. सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चार दिवस उणे होते. गोंडादी लोकांविषयीची त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल ह्यांनी 1866 साली छापून काढली. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज 1883 साली निघाले.