प्रभूचा भाऊ याकोब आणि त्याच्या घराण्याचा वंश

फुलसावंगीस बाजाराच्या दिवशीं एका उपदेशक बंधूंस कोणीं विचारिलें कीं, तुमच्या येशूच्या घराण्यांतला कोणी मनुष्य आज जिवंत आहे काय? देहूस गेलें तर तुकोबारायांचे वंशज मोरे भेटतात. पैठणास नाथांचे वंशज भेटतात. मग तुमच्या गुरूचें घराणें कोठें गेलें? प्रभूनें लग्न केलें नव्हतें, म्हणून वंश नाहीं, एवढें सांगून आमच्या बंधूंनीं तो विषय तेथेंच सोडिला. पण उत्तर अपुरें पडलें असें त्यांस वाटत राहिलें, आणि पुढें भेट झाली तेव्हां त्यांनीं तो प्रश्न आम्हांपुढें ठेविला.

त्यांचें वाटणें बरोबर होतें. निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई या चौघां भावंडांपैकीं कोणाचाच वंश चालला नाहीं, म्हणून तेथें प्रश्न संपतो. प्रभु येशूच्या घराण्याचें तसें नाहीं. त्यास मूलबाळ होतें असें कोणत्याही प्राचीन लेखांत नाहीं. परंतु त्याच्या चार भावांचीं नांवें शुभवर्तमानांत दिलेलीं आहेत, बहिणींचा उल्लेख आहे, आणि ते भाऊ आपल्या बायकांस बरोबर घेऊन फिरत हें पौलानें करिंथच्या मंडळीस लिहितांना सांगितलें आहे. तेव्हां ही गोष्ट सांगावयाची ती त्या भावांत ज्याचें नांव सर्वांआधीं येतें, त्या याकोबापासून सांगावी लागते.

याकोब, योसे, यहूदा व शिमोन असे ते चौघे. बहिणी किती होत्या व त्यांचीं नांवें काय, हें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं. अनेकवचनावरून निदान दोघी होत्या एवढें कळतें. नासरेथ हें तेव्हां डोंगरांतलें लहानसें खेडें होतें, आणि बापाचा धंदा सुताराचा. हे भाऊ मरीयेच्याच पोटचे असें आपण प्रॉटेस्टंट लोक बहुधा मानितों. पूर्वेकडील मंडळ्या त्यांस योसेफाच्या पहिल्या बायकोचीं मुलें म्हणतात, आणि रोमन कॅथलिक बंधु त्यांस चुलत अथवा मावसभाऊ समजतात. हा वाद जुना आहे व तो आज येथें मिटावयाचा नाहीं. वंशाच्या प्रश्नापुरतें पाहिलें तर तिन्ही मतांनीं हे लोक त्याच घराण्याचे ठरतात.

प्रभु गालीलांत उपदेश करूं लागला तेव्हां घरच्यांस त्याचें भान सुटलें आहे असें वाटलें, व ते त्यास धरून घरीं आणावयास निघाले. त्याच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, हें योहानानें स्पष्ट लिहिलें आहे. ज्यांनीं भाऊबंदांचा विरोध सोसून बाप्तिस्मा घेतला आहे, त्यांस हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाहीं. वधस्तंभाजवळ आई होती. भाऊ तेथें असल्याचें कोणी सांगत नाहीं, आणि आईस सांभाळण्याचें काम एका शिष्याकडे गेलें. आपल्याकडे घरांत इतके मुलगे असतां आई परक्याच्या घरीं जावयाची म्हणजे गांव काय बोलेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

पुढें काय घडलें तें पौलाच्या एका ओळींतून कळतें. पुनरुत्थित प्रभु याकोबास दिसला. कोठें दिसला, काय बोलणें झालें, यांतलें कांहीं लिहिलेलें नाहीं. पण थोड्याच दिवसांनीं यरुशलेमांतील माडीवर प्रार्थनेस बसलेल्या मंडळींत मरीया व ते भाऊ दिसतात. मग जब्दीचा मुलगा याकोब, जो बारांपैकीं एक होता व या याकोबाहून निराळा होता, त्यास हेरोद अग्रिप्पानें तरवारीनें मारविलें. पेत्र तुरुंगांतून सुटून दुसरीकडे गेला. आणि यरुशलेमच्या मंडळीचा कारभार प्रभूच्या भावाच्या हातीं आला. पौल त्यास, केफास व योहानास मंडळीचे खांब समजले जाणारे पुरुष म्हणतो, आणि त्यांत याकोबाचें नांव पहिलें घालतो.

इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमांत मोठी सभा भरली. परराष्ट्रीय मनुष्य ख्रिस्ती झाला तर त्याची सुंता करावी कीं नाहीं, त्यानें मोशेचें सर्व नियमशास्त्र पाळावें कीं नाहीं, हा प्रश्न होता. याकोब स्वतः नियमशास्त्र काटेकोर पाळणारा. तरीही त्याचा निर्णय असा पडला कीं, परराष्ट्रीयांवर तें ओझें घालूं नये. मूर्तीस वाहिलेलें अन्न, रक्त, गुदमरून मेलेल्या पशूंचें मांस व जारकर्म यांपासून त्यांनीं दूर राहावें म्हणजे झालें. तो निर्णय उलट पडता तर यवतमाळ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यास ख्रिस्ती होण्यापूर्वीं यहूदी व्हावें लागलें असतें. आपण आज जसे आहों तसे मंडळींत आहों, त्याचें एक कारण हा सुताराचा मुलगा होय.

पण याच याकोबाच्या नांवावर अंत्युखियांत एक दुःखाची गोष्ट घडली. तेथें यहूदी व परराष्ट्रीय बंधु एका पंगतीस बसून जेवीत असत, आणि पेत्रही त्यांत बसे. मग याकोबाकडून कांहीं लोक आले. त्यांस पाहून पेत्र मागें सरला, वेगळा बसूं लागला, आणि त्याच्या पाठोपाठ बर्णबासारखा मनुष्यही उठला. पौलानें सर्वांसमक्ष पेत्राचा दोष दाखविला. आमच्या वाचकांत असे पुष्कळ आहेत कीं, ज्यांच्या आईबापांस गांवजेवणांत पंगत उठल्यावर बाहेर बसवून वाढलें जात असे. पान वेगळें मांडलें कीं शब्द बोलावा लागत नाहीं, हें त्यांस ठाऊक आहे. त्या लोकांस याकोबानें हें करावयास पाठविलें होतें काय? पौल तसें म्हणत नाहीं, आणि यरुशलेमच्या सभेनें पाठविलेल्या पत्रांत, जे त्रास देतात त्यांस आम्हीं आज्ञा दिली नव्हती, अशा अर्थाचा मजकूर आहे. आमचें मत असें कीं, थोर मनुष्याचें नांव पुढें करून त्याच्याहून कडक वागणारे लोक त्या काळींही होतेच.

याकोबाचा आयुष्यभराचा घोर गरिबांचा होता. पौलानें परराष्ट्रीय मंडळ्यांतून वर्गणी जमवून यरुशलेमास नेली, ती या खांबांनीं केलेल्या विनंतीवरूनच. त्याच्या नांवाचें जें पत्र नव्या करारांत आहे, त्यांत सभेंत सोन्याची अंगठी घातलेल्यास मानाची जागा व फाटक्या वस्त्राच्या मनुष्यास पायाशीं जागा देणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी आहे. तें पत्र त्यानें स्वतः लिहिलें कीं त्याच्या शिष्यांनीं, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे.

त्याचें मरण इ. स. ६२ मध्यें झालें, आणि त्याची साक्ष ख्रिस्ती नसलेल्या इतिहासकारानें दिली आहे. योसेफस हा यहूदी तेव्हां पंचविशींतला तरुण होता. तो लिहितो कीं, रोमी सुभेदार फेस्त वारला व नवा सुभेदार आल्बीनस अजून वाटेंत होता, इतक्यांत प्रमुख याजकानें न्यायसभा बोलाविली व येशूचा भाऊ याकोब आणि आणखी कांहीं जण यांस नियमभंगाच्या आरोपावरून धोंडमार करविली. हा याजक कोण? ज्या हन्नाच्या घरीं प्रभूस बांधून नेलें होतें, त्या हन्नाचा मुलगा, बापाच्याच नांवाचा. एकाच घराण्यानें एका घराण्याच्या दोघां भावांचा न्याय सुमारें तीस वर्षांच्या अंतरानें केला. परंतु नगरांतील नियमनिष्ठ यहूद्यांसच हें कृत्य आवडलें नाहीं. त्यांनीं राजाकडे व सुभेदाराकडे तक्रार नेली, आणि अवघ्या तीन महिन्यांच्या कारकीर्दीनंतर अग्रिप्पा राजानें त्या याजकास पदावरून दूर केलें. शंभराहून अधिक वर्षांनंतर हेगेसिप्पस नांवाच्या ख्रिस्ती लेखकानें हीच गोष्ट अधिक विस्तारानें सांगितली: याकोब द्राक्षारस पीत नसे, मांस खात नसे, मंदिरांत लोकांसाठीं प्रार्थना करून करून त्याचे गुडघे उंटाच्या गुडघ्यांसारखे झाले होते, आणि मंदिरावरून लोटल्यावर, मारणाऱ्यांसाठीं क्षमा मागत असतां, एका परटानें सोट्यानें त्याचा प्राण घेतला. आम्हांस योसेफसाचा साधा वृत्तांत अधिक विश्वासार्ह वाटतो. गुडघ्यांची गोष्ट मात्र खेड्यांतील आजीबाईंसही एकदां ऐकली कीं विसरतां येत नाहीं.

याकोबामागें मंडळी कोणाकडे जावी? हेगेसिप्पस सांगतो कीं, क्लोपाचा मुलगा शिमोन यास निवडलें. क्लोपा हा योसेफाचा भाऊ, म्हणजे शिमोन प्रभूचा चुलतभाऊ, आणि हें नातें निवडीचें एक कारण होतें. एका गांवीं वडील पंच वारल्यावर पद पुतण्यास द्यावें कीं मंडळीनें नवा मनुष्य निवडावा यावर तंटा होऊन दोन वर्षें प्रभुभोजन झालें नाहीं, आणि दोन्ही पक्षांनीं आम्हांपुढें याच शिमोनाचें उदाहरण ठेविलें. पहिला पक्ष म्हणे कीं तो नातलग होता. दुसरा म्हणे कीं त्यास निवडलें होतें. दोन्ही खरें आहे. तो त्राजान बादशहाच्या काळीं, फार वृद्ध असतां, छळ सोसून वधस्तंभीं गेला. त्यानंतर आलेला यूस्त घराण्यांतला होता असें युसीबियस इतिहासकार सांगत नाहीं. इ. स. १३५ मध्यें हाद्रियान बादशहानें यहूद्यांस यरुशलेमांतून घालवून दिलें, आणि तेथील यहूदी अध्यक्षांची परंपराच तुटली.

घराणें मात्र नगरांत नव्हतें, तें शेतावर होतें. दोमितियन बादशहानें (इ. स. ८१ ते ९६) दाविदाच्या वंशजांचा शोध करविला, तेव्हां प्रभूचा भाऊ यहूदा याचे नातू त्याच्यापुढें उभे केले गेले, अशी हेगेसिप्पसाची नोंद आहे. मालमत्ता विचारली तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं रोकड नाहीं. दोघांत मिळून ३९ प्लेथ्रा जमीन, किंमत ९,००० दिनार, आणि ती आपण स्वतः कसून सारा भरतों. ही जमीन कोणी नऊ-दहा एकर मोजतात, कोणी चोवीस-पंचवीस. मग त्यांनीं हात पुढें करून घट्टे दाखविले. ख्रिस्ताचें राज्य कसलें असें विचारल्यावर तें या जगाचें नाहीं असें ते म्हणाले, आणि बादशहानें त्यांस क्षुद्र समजून सोडून दिलें. पुढें ते मंडळ्यांचे पुढारी झाले. घट्ट्यांची ती साक्ष आमच्या भागांत कोणासही वाचून दाखवावी, लगेच पटते.

तिसऱ्या शतकाच्या आरंभीं ज्यूलियस आफ्रिकानस यानें लिहिलें कीं, प्रभूचे नातलग नासरेथ व कोखाबा या यहूदी गांवांतून देशभर पांगले असून आपली वंशावळ पाठ सांगत व जपून ठेवीत. आपल्याकडील भाट जसे पिढ्या सांगत, तसेंच तें. इ. स. २५० च्या सुमारास देकियस बादशहाच्या छळांत मारला गेलेला कोनोन नांवाचा माळी नासरेथचा व प्रभूच्या कुळांतला होता असें परंपरा सांगते. त्यापुढें लेख नाहीं.

लेख संपला म्हणून वंश संपला असें होत नाहीं. पाटिलकीचे कागद वाळवीनें खाल्ले तरी पाटलाचीं नातवंडें असतातच. येथें थोडें गणित पाहावें. मनुष्यास आईबाप दोन, आजे-आज्या चार. दहा पिढ्या मागें १,०२४ पूर्वज, वीस पिढ्या मागें दहा लाखांवर, तीस पिढ्या मागें शंभर कोटींवर. इतके लोक तेव्हां पृथ्वीवर नव्हतेच, म्हणून तेच ते पूर्वज पुनःपुन्हां येतात. दोन हजार वर्षें म्हणजे सुमारें ऐंशी पिढ्या. ज्यांची संतति पहिल्या कांहीं पिढ्यांत खुंटली नाहीं, त्यांचें रक्त इतक्या काळांत लाखों लोकांत मिसळलेलें असतें. यहूदाचे नातू होते, एवढें आपणांस ठाऊक आहे. बहिणींचीं लग्नें झालीं असतील तर मुलींच्या वाटेनेंही वंश चालला असेल. तो मार्ग वंशावळींत लिहिला जात नाहीं, पण रक्त त्यानेंही जातें. असे वंशज असतील तर ते पॅलेस्टाइन व आसपासच्या देशांतील ख्रिस्ती, मुसलमान व यहूदी या सर्वांत विखुरलेले असतील. आपल्या कोकणांतील बेने इस्राएल लोकांच्या रक्तांत पश्चिम आशियांतील यहूदी पूर्वजांचा अंश आहे असें २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या शोधांत आढळलें. मग त्यांतही तो धागा असणें अशक्य नाहीं.

असणें निराळें व दाखविणें निराळें. रक्ताची परीक्षा करावयाची तर जुळवून पाहण्यास त्या घरचें कांहीं तरी हातीं हवें, आणि तें कोणाजवळ नाहीं. २००२ मध्यें याकोबाचें नांव कोरलेली एक दगडी अस्थिपेटी पुढें आली. बनावटपणाचा खटला चालून २०१२ मध्यें मालक त्या आरोपांतून सुटला, पण लेख खरा कीं खोटा हा वाद राहिलाच. फ्रान्सांतील राजवंश मग्दालीया मरीयेपासून निघाला ही कथा विसाव्या शतकांत बनावट कागदांच्या आधारें उभी राहिली, व २००३ च्या एका इंग्रजी कादंबरीनें ती गांवोगांवीं पोंचविली. श्रीनगरच्या खानयार मोहल्ल्यांतील कबर येशूची आहे हें मत मिर्झा गुलाम अहमद यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलें; तेंही अठराशें वर्षें उशिरानें आलें आहे.

नासरेथ आतां खेडें राहिलेलें नाहीं. तेथें अरब लोकांची दाट वस्ती आहे, बहुसंख्य मुसलमान व बाकीचे ख्रिस्ती. तेथील बाजारांत भाजी घेऊन बसलेल्या एखाद्या बाईच्या ऐंशीव्या पिढीस प्रभूची ती निनांवी बहीण असूं शकेल. त्या बाईस तें ठाऊक नाहीं, आणि आम्हांसही नाहीं.