लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून, १८६९ - २६ सप्टेंबर, १९५६) हे मराठी उद्योजक व किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. महाराष्ट्रात लोखंडी नांगराचा प्रसार करणाऱ्यांत, तसेच ओतकाम व लेथकाम यांवर आधारलेल्या यंत्रनिर्मितीचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन
लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगावही हेच होय. चित्रकलेच्या ओढीने लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. मात्र दृष्टीत अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आल्यावर त्यांना रंगकाम सोडावे लागले. त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते अध्यापक झाले. तेथे यंत्रे हाताळण्याचा सरावही त्यांना मिळाला. पुढे बढतीसाठी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीची निवड झाली. तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

बेळगावातील उद्योग
ज्येष्ठ बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलविक्रीचा व्यवसाय सुरू केला होता. राजीनाम्यानंतर लक्ष्मणरावांनी तेथेच छोटा कारखाना चालवला. कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर ही त्यांची पहिली महत्त्वाची उत्पादने होत. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने नांगर खपण्यास फार वेळ लागला. शहराच्या विस्तारासाठी जागा सोडावी लागल्याने कारखान्याचे अस्तित्वच धोक्यात आले.

किर्लोस्करवाडी
औंध संस्थानचे अधिपती भवानराव (बाळासाहेब) पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. निवडुंग माजलेल्या या माळावर १९१० मध्ये कारखाना व वसाहत उभी राहू लागली. ती पुढे किर्लोस्करवाडी या नावाने प्रसिद्ध झाली. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे. वसाहतीत अस्पृश्यता पाळली जात नसे, तसेच शिक्षा भोगून आलेल्यांनाही तेथे रखवालदारीचे काम देण्यात आले.

लाकडी नमुने व लेथ
ओतीव लोखंडाचा कोणताही भाग घडवताना आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. चाक, कप्पी, नळी असे गोल नमुने लेथवर कातून तयार होतात. लाकूड फिरत असताना टेकूवर धरलेल्या पटाशीने ते हळूहळू तासले जाते. कारागीर व्यास कॅलिपरने वारंवार तपासतो आणि शेवटी काचकागदाने पृष्ठभाग गुळगुळीत करतो. थंड होताना ओतीव लोखंड सुमारे १ टक्का आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवतात. वाळूतून तो अलगद निघावा यासाठी त्याच्या बाजूंना किंचित उतार देतात. नमुन्यातील चूक त्यावरून ओतलेल्या प्रत्येक नगात उतरत असल्याने यंत्रकारखान्यात कुशल सुतार व कातारी यांचे स्थान लोहकामगारांइतकेच महत्त्वाचे असते. ओतलेला भाग पुन्हा धातूच्या लेथवर नेमक्या मापाला आणला जातो.

विस्तार
पहिल्या महायुद्धात आयात घटल्याने देशी नांगरांची मागणी वाढली, परंतु लोखंड व कोळसा यांची टंचाईही निर्माण झाली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली पुढे 'किर्लोस्कर' या नावाने गाजलेले मासिक सुरू झाले. कारखान्यात पंप, तेल-इंजिने व यंत्रसामग्री तयार होऊ लागली. लेथच्या निर्मितीसाठी १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन झाली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिक्षण घेऊन उद्योगाचा पुढील विस्तार केला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली.

निधन व स्मृती
२६ सप्टेंबर, १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून, १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले.