रणभूमीवरील गणिती

गणिताशी माझे वाकडे. तरी कार्ल श्वार्झशिल्ड यांच्या चरित्राने मला चटका लावला. १८७३ साली फ्रँकफुर्टला जन्मलेल्या या मुलाने १६व्या वर्षीच जोडताऱ्यांच्या कक्षांवर निबंध लिहिले. १९१४ मध्ये, पॉट्सडॅम वेधशाळेचे संचालक असूनही, ते स्वेच्छेने युद्धावर गेले. १९१५ च्या अखेरीस, त्या रणधुमाळीतच, त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांची पहिली अचूक उकल काढली. प्रकाशही ज्यातून सुटत नाही, त्या कृष्णविवराची त्रिज्या तिच्यावरून कळते. सूर्याचे कृष्णविवर झाले, तर ती जेमतेम ३ किलोमीटर भरेल. १९१६ च्या मे महिन्यात, ४२व्या वर्षी, दुर्धर त्वचारोगाने ते गेले. आज खगोलशास्त्रज्ञ आकाशगंगेच्या मध्याशी ताऱ्यांच्या कक्षा मोजून तिथल्या अदृश्य कृष्णविवराचे वस्तुमान काढतात: सुमारे ४० लाख सूर्यांइतके! त्या शाळकरी पोराचा कक्षांचा नाद मला तिथे दिसतो.